पाटीवरील क्रमांक आणि नागरिकाचे स्वातंत्र्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी जो विषय आपणापुढे मांडणार आहे, तो प्रथमदर्शनी आपणास आपला वाटणार नाही. वाहनाच्या पाटीवरील क्रमांक आपोआप वाचणारे कॅमेरे पोलीस खात्याने कसे वापरावेत, आणि त्या कॅमेऱ्यांनी गोळा केलेल्या माहितीवर कायद्याचा अंकुश असावा की नसावा, हा तो विषय होय. आपणांपैकी पुष्कळांच्या दारी मोटार नाही. असलीच तर एखादी दुचाकी, किंवा पोटासाठी कर्जाने घेतलेली रिक्षा आहे. तेव्हा मोटारवाल्यांच्या या प्रश्नाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा प्रश्न मोटारीचा नाहीच. माणूस कोठे जातो, कोणाला भेटतो, कोणत्या सभेस बसतो आणि कोणत्या विहारात, मशिदीत अथवा मंदिरात जातो, याची नोंदवही सरकारने ठेवावी काय, आणि ठेवावयाची तर कोणत्या अटींवर ठेवावी, असा हा प्रश्न आहे. ज्यांनी आपला धर्म स्वतःच्या विवेकाने निवडला, त्यांना या प्रश्नाकडे पाठ फिरविता येणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. वाहनाला क्रमांक असावा आणि तो सर्वांस दिसावा, हे न्याय्य आहे. माणसाला ठोकरून पळून जाणारा मोटारवाला सापडावा, चोरीस गेलेली गाडी ओळखता यावी, म्हणून पाटी उघडी ठेवावयाची असते. ती झाकण्याचा हक्क कोणी मागत नाही. मीही मागत नाही. ही पाटी वाचणारे यंत्र ब्रिटनमधील पोलिसांच्या वैज्ञानिक शाखेत १९७६ साली प्रथम तयार झाले. आज ते रस्त्याकडेच्या खांबावर, पुलावर किंवा पोलिसांच्या गाडीवर बसविलेले असते. समोरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचे ते छायाचित्र घेते. संगणक त्यातील अक्षरे व अंक ओळखतो, त्यांना दिवस, वेळ आणि ठिकाण जोडतो, आणि चोरीच्या अथवा पाहिजे असलेल्या वाहनांच्या यादीशी तो क्रमांक ताडून पाहतो. क्रमांक जुळला तर पोलिसांस तत्काळ इशारा जातो. एखाद्या गरिबाची चोरीला गेलेली रिक्षा अशा रीतीने परत मिळाली, किंवा पळवून नेलेले मूल सापडले, तर त्याचा आनंद आपण का मानू नये? इथपर्यंत या यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. जो क्रमांक कोणत्याच यादीशी जुळला नाही, त्याच्या नोंदीचे काय होते? कॅलिफोर्निया राज्याच्या लेखापरीक्षकाने फेब्रुवारी २०२० मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले. लॉस एंजेलिस शहराच्या पोलिसांनी अशी ३२ कोटींहून अधिक छायाचित्रे साठविली होती. त्यांपैकी ९९.९ टक्के छायाचित्रे अशा वाहनांची होती की, छायाचित्र घेतेवेळी ती वाहने कोणत्याही यादीत नव्हती. याचा अर्थ साध्या भाषेत असा की, हजार नोंदींपैकी ९९९ नोंदी ज्यांच्यावर कसलाही संशय नव्हता अशा माणसांच्या होत्या. एका चोरासाठी टाकलेले जाळे ९९९ निरपराध्यांवर पडले आणि ते उचललेच गेले नाही.

पाहणे निराळे आणि साठविणे निराळे, हा भेद आपण पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. नाक्यावर उभा असलेला शिपाई तुमची गाडी पाहतो आणि विसरतो. यंत्र विसरत नाही. शिपायास एका वेळी एकच नाका दिसतो. यंत्राला शहरातील सर्व नाके एकदम दिसतात. आज सकाळी तुम्ही वकिलाकडे गेलात, दुपारी दवाखान्यात गेलात, सायंकाळी युनियनच्या बैठकीस गेलात आणि पौर्णिमेला विहारात गेलात. यांतील प्रत्येक गोष्ट चारचौघांसमक्ष घडली आहे. परंतु या साऱ्या गोष्टी एका सूत्रात ओवून वर्षभर जपून ठेवल्या, तर तुमचे सबंध आयुष्य दुसऱ्याच्या हाती जाते.

आपल्या देशाला अशी नोंदवही नवी नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने कित्येक जमातींतील माणसांना, त्यांनी गुन्हा केलेला नसताना, केवळ जन्मावरून सरकारी यादीत घातले. त्यांना हजेरी द्यावी लागे. परवान्यावाचून हद्दीबाहेर पाऊल टाकता येत नसे. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत याच कायद्याचे फळ होते. हा कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. कोणी म्हणेल की, ती नोंदवही काही जमातींपुरती होती. नवे यंत्र तर लक्षाधीशाची आणि मजुराची गाडी सारखीच टिपते, मग यात विषमता कोठे आली? याचे उत्तर असे की, नोंद सर्वांची होते हे खरे. परंतु ती नोंदवही उघडून कोणाचे पान वाचावयाचे हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवितो. आणि ज्या समाजात माणसाकडे पाहण्याची दृष्टीच समान नाही, त्या समाजात वाचणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नोंदवही समान राहू शकत नाही. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार हेच आहे.

आता या नोंदवहीच्या समर्थनार्थ जे दोन युक्तिवाद नेहमी केले जातात, त्यांचा विचार करू. पहिला युक्तिवाद असा की, रस्ता सार्वजनिक आहे; तेथे जे दिसते ते खाजगी कसे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा मुद्दा एकाहून अधिक वेळा आला. २०१२ साली जोन्स खटल्यात पोलिसांनी एका संशयिताच्या मोटारीला ठावठिकाणा सांगणारे उपकरण लावून २८ दिवस तिचा माग काढला होता. न्यायालयाने ते उपकरण लावणे ही एक प्रकारची झडतीच ठरविली. २०१८ साली कार्पेंटर खटल्यात मोबाईल फोनवरून माणसाच्या अनेक दिवसांच्या हालचाली काढण्यासाठी सर्वसाधारणपणे वॉरंट पाहिजे, असा निर्णय झाला. या दोन्ही खटल्यांत पाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्याचा प्रश्न नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु सार्वजनिक जागी वावरणाऱ्या माणसाने आपल्या हालचालींवरचा सारा हक्क सोडून दिलेला नसतो, हे तत्त्व त्यांतून प्रस्थापित झाले.

आपल्या देशातही हा वाद जुना आहे. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या एका इसमावर उत्तर प्रदेश पोलिसांनी पाळत ठेवली होती. रात्री-अपरात्री ते त्याच्या दारावर थापा मारीत. १९६२ साली खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी बेकायदेशीर ठरविल्या. परंतु त्याच्या हालचालींवर नजर ठेवण्याने मूलभूत हक्काचा भंग होत नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्यास विरोध केला. ज्याच्या मागावर सतत कोणीतरी आहे, त्याचे पाय मोकळे असले तरी तो स्वतंत्र नव्हे, असा त्यांच्या मताचा आशय होता. हे अल्पमत ५५ वर्षांनी खरे ठरले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले, आणि खाजगीपणा नाकारणारा खरकसिंग निकालातील भाग रद्द केला. सरकारला या हक्कात हात घालावयाचा असेल तर त्यासाठी कायदा पाहिजे, हेतू न्याय्य पाहिजे आणि योजलेला उपाय त्या हेतूच्या प्रमाणात पाहिजे, अशी कसोटी तेथे सांगितली गेली.

दुसरा युक्तिवाद आपण रोज ऐकतो. जो निर्दोष आहे त्याला भय कसले? या प्रश्नास मी तीन प्रकारची उत्तरे देतो.

पहिले उत्तर यंत्राच्या चुकीचे आहे. २००९ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात कॅमेऱ्याने एका पाटीवरील ३ हा अंक ७ असा वाचला. चोरीस गेलेले वाहन राखी रंगाचा ट्रक होता. समोरची गाडी गडद तांबड्या रंगाची मोटार होती आणि ती एक कृष्णवर्णीय महिला चालवीत होती. पाटी डोळ्यांनी पुन्हा वाचण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. पिस्तुले रोखून तिला उतरविण्यात आले, गुडघ्यांवर बसविण्यात आले, हातकड्या घालण्यात आल्या. २०१४ साली अपील न्यायालयाने सांगितले की, खात्री न केलेला यंत्राचा इशारा म्हणजे आपोआप वाजवी संशय होत नाही. २०२० साली कोलोराडो राज्यातील ऑरोरा शहरी याहून लाजिरवाणा प्रकार घडला. चोरीला गेली होती माँटॅना राज्यातील मोटारसायकल. तिचा आणि एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मोटारीचा क्रमांक एकच होता. राज्य मात्र वेगळे. त्या मोटारीतील मुलींना पोलिसांनी तापल्या जमिनीवर पालथे निजविले. त्यांत सहा वर्षांची एक बालिका होती. पुढे २०२४ साली शहराने १९ लाख डॉलरची भरपाई देण्याचे मान्य केले. निर्दोष असण्याने त्या मुलींचे रक्षण झाले काय?

दुसरे उत्तर नोंदवही हाताळणाऱ्याच्या नियतीचे आहे. कॅन्सास राज्यातील एका लहान गावच्या पोलीस प्रमुखाने आपल्याला सोडून गेलेली स्त्री आणि तिचा नवा मित्र कोठे जातात हे शोधण्यासाठी अशा कॅमेऱ्यांचा २०० हून अधिक वेळा उपयोग केला. आता हीच गोष्ट आपल्या परिस्थितीत ठेवून पाहा. जात ओलांडून लग्न केलेली मुलगी आणि मुलगा घरच्यांच्या भयाने गाव सोडून पळतात. २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावे, त्यांच्यासाठी सुरक्षित निवासाची सोय करावी, असे आदेश दिले आहेत. परंतु मुलीच्या चुलत्याचा स्नेही ठाण्यात बसला असेल, आणि दुचाकीचा क्रमांक घातल्याबरोबर ती कोणत्या नाक्यावरून कोणीकडे गेली हे त्याला कळत असेल, तर न्यायालयाच्या आदेशाचा त्या जिवांना काय उपयोग? कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी नोंदवही उघडली याचीच नोंद नसेल, तर घात झाल्यावर जबाब तरी कोणास विचारावयाचा?

तिसरे उत्तर समाजाच्या समाजावर ठेवलेल्या पाळतीचे आहे. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी अनेक वर्षे मुसलमान वस्त्यांवर गुप्त नजर ठेवली होती, हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०११ पासून उघड केले. मशिदीबाहेर उभ्या राहणाऱ्या मोटारींचे क्रमांक टिपून नमाजास कोण येते याच्या याद्या केल्या जात. या पाळतीच्या एका शाखेच्या सहा वर्षांच्या कामातून दहशतवादाचा एकही तपास सुरू झाला नाही, अशी कबुली त्या खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१२ साली शपथेवर दिली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरीही मुस्लिम वस्तीच्या भोवती दोनशेहून अधिक कॅमेरे बसविण्यात आले; त्यांतील कित्येक छुपे होते. लोकांना सांगण्यात आले की, हे साध्या गुन्ह्यांना आळा घालण्यासाठी आहे. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतून आलेला होता. २०१० साली ही गोष्ट फुटल्यावर लोकक्षोभ झाला आणि ते कॅमेरे काढून टाकणे भाग पडले.

अल्पसंख्याकांच्या चळवळीला याचा अर्थ कळावयास वेळ लागत नाही. १९५५-५६ साली अमेरिकेतील माँटगोमेरी शहरी कृष्णवर्णीयांनी बसवर ३८१ दिवस बहिष्कार घातला, तेव्हा त्यांनी आपसांत मोटारींची सोय केली. पोलिसांनी त्या मोटारी अडवून क्षुल्लक कारणांवर दंड करण्याचा सपाटा लावला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना २६ जानेवारी १९५६ रोजी ताशी २५ मैलांच्या हद्दीत ३० मैलांनी मोटार चालविल्याबद्दल तुरुंगात नेण्यात आले. पुढे त्याच अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेकडे तिच्या सभासदांची यादी मागितली. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मागणी अमान्य केली. सभासदांची नावे उघडी पडली तर छळाच्या भीतीने लोक संघटना सोडतील, हे न्यायालयाने ओळखले. त्या काळी यादी मागावी लागत असे. आज सभागृहाबाहेर कॅमेरा असला की यादी न मागता तयार होते.

ही माझीच शंका आहे असे समजू नका. पोलीस प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेच २००९ च्या आपल्या अहवालात म्हटले आहे की, या कॅमेऱ्यांमुळे लोक आपले मत मांडण्यास, निषेध करण्यास व संघटित होण्यास कचरतील, असा धोका आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जिल्ह्याजिल्ह्यांतून गाड्या येतात. प्रत्येक गाडीची पाटी तिचा जिल्हा सांगते आणि क्रमांक तिचा मालक सांगतो. गावचा पाटील, मालक किंवा सावकार यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून जो माणूस अजून हळूच विहारात येतो, त्याचे येणे कोठेतरी कायमचे लिहिले जात आहे असे त्याला वाटले, तर तो उद्या येईल काय? सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य संविधानाच्या २५ व्या कलमात लिहिलेले आहे. ते रस्त्यावर टिकले तरच ते खरे.

येथे परमपूज्य बाबासाहेबांच्या दूरदृष्टीचे स्मरण करणे प्राप्त आहे. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातील मूलभूत हक्कांत त्यांनी असे कलम घातले होते की, माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे आणि सबळ कारणावाचून वॉरंट निघू नये. अमेरिकेच्या घटनेतील चौथ्या दुरुस्तीचा हा आशय होय, आणि त्याच दुरुस्तीच्या आधारे तेथे आज या कॅमेऱ्यांचे खटले लढविले जात आहेत. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशीच दुरुस्ती संविधान सभेत मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. हे संरक्षण फौजदारी कायद्यात असले तरी ते विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट आहे, असे त्यांनी सांगितले. सभेने मात्र ती दुरुस्ती फेटाळली. जे १९४८ साली राहून गेले, ते न्यायालयाच्या मार्गाने यावयास २०१७ साल लागले.

आता अन्यत्र कोणते कायदे झाले ते पाहू. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात न जुळलेली नोंद तीन मिनिटांच्या आत पुसावी लागते. मेन राज्यात ही मुदत २१ दिवसांची आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००८ साली हेसे व श्लेसविग-होलस्टाइन या दोन राज्यांचे सैल नियम रद्द केले. २०१८ साली ते आणखी पुढे गेले: क्रमांक जुळला नाही आणि नोंद लगेच पुसली, तरी प्रत्येकाची तपासणी करणे हाच हक्कातील हस्तक्षेप आहे, म्हणून त्याला पुरेसे कारण पाहिजे.

व्हर्जिनिया राज्याचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. तेथील राज्य पोलिसांनी २००८ च्या निवडणूक सभांना आलेल्या मोटारींचे क्रमांक टिपले होते, ही गोष्ट पुढे उघड झाली. २०१३ साली राज्याच्या महाधिवक्त्याने असा साठा बेकायदेशीर असल्याचे मत दिले. एका नागरिकाने फेअरफॅक्स परगण्याच्या पोलिसांवर खटला भरला. २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्याला अनुकूल ठरला. २०२० साली त्याच न्यायालयाने जुन्या कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावून अखेरचा निर्णय पोलिसांच्या बाजूने दिला. न्यायालयात वाट संपली तेव्हा लोक विधिमंडळाकडे वळले. २०२५ साली तेथे कायदा झाला: नोंदी २१ दिवसांत पुसाव्यात, ठरलेल्या कारणांसाठीच त्या वापराव्यात, आणि वाहन अडविण्यापूर्वी यंत्राच्या इशाऱ्याची खात्री करून घ्यावी. जुन्या कायद्यातून नवे संरक्षण ओढून काढता आले नाही, तर नवा कायदा मागावा लागतो, हा त्यातला धडा आहे.

परंतु कायदा झाला म्हणजे काम संपले, असेही नव्हे. कॅलिफोर्नियाने २०१५ सालीच कायदा केला होता आणि प्रत्येक पोलीस खात्याने लेखी धोरण जाहीर करावे असे त्यात म्हटले होते. तरीही २०२० साली लेखापरीक्षकाला लॉस एंजेलिस पोलिसांजवळ असे धोरणच आढळले नाही. इलिनॉय राज्याने या नोंदी परदेशी रहिवाशांच्या धरपकडीसाठी देण्यास बंदी घातली होती. तरी २०२५ साली सरकारी तपासणीत दिसून आले की, फ्लॉक सेफ्टी या कॅमेरे पुरविणाऱ्या कंपनीने केंद्राच्या सीमा-सुरक्षा खात्याला त्या पाहू दिल्या होत्या. पहारेकऱ्यावर पहारा नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

आणि आपल्या देशात? २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्यात पाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवावी आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत नोंद ठेवावी, असे तो सांगतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून असे कॅमेरे काम करीत आहेत, आणि भरधाव गाड्यांमुळे तेथे जे बळी जातात ते पाहता त्यांचा उपयोग मी नाकारीत नाही. परंतु ज्याने नियम मोडला नाही त्याच्या नोंदीचे काय करावयाचे, याचे उत्तर त्या नियमात नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारला अशी मुभा दिली आहे की, सुव्यवस्थेच्या व सुरक्षिततेच्या कारणास्तव ते आपल्या हव्या त्या यंत्रणेला त्या कायद्यातून सूट देऊ शकते. माहितीची सरकारला किती कदर आहे, याचा एक दाखला पुरेसा आहे. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, वाहनांच्या व परवान्यांच्या नोंदी ८७ खाजगी कंपन्यांना पाहू देऊन ६५ कोटी रुपये मिळविण्यात आले. ते धोरण २०२० साली मागे घ्यावे लागले. आपण रजिस्ट्रेशनसाठी दिलेली माहिती बाजारात गेली, आणि तिचा मालक जो नागरिक, त्याला कोणी विचारलेही नाही.

यास्तव आपली मागणी काय असावी, हे मी स्पष्ट शब्दांत सांगतो. पहिली गोष्ट, हे कॅमेरे परिपत्रकाने किंवा ठेकेदाराच्या करारनाम्याने न चालता विधिमंडळाने केलेल्या कायद्याने चालले पाहिजेत. दुसरी, त्यांचा हेतू कायद्यात लिहिलेला असावा, आणि कोणाचा धर्म, जात, सभा किंवा मोर्चा हे पाळत ठेवण्याचे कारण कधीही होऊ नये. तिसरी, जो क्रमांक कोणत्याही यादीशी जुळत नाही त्याची नोंद तत्काळ पुसली जावी. चौथी, यंत्राचा इशारा म्हणजे पुरावा नव्हे. वाहन अडविण्यापूर्वी अंमलदाराने पाटी, राज्य व वाहनाचा प्रकार स्वतः ताडून पाहावा. पाचवी, साठविलेली नोंद उघडावयाची असेल तर तपास चालू असलेल्या गुन्ह्याचा क्रमांक आणि दंडाधिकाऱ्याचा लेखी हुकूम असावा, आणि ती कोणी व केव्हा उघडली याची न पुसता येणारी नोंद राहावी. सहावी, ही माहिती विकण्यास अगर खाजगी कंपनीच्या ताब्यात ठेवण्यास मनाई असावी. सातवी, पोलीस खात्याबाहेरील स्वतंत्र अधिकाऱ्याने दर वर्षी तपासणी करून अहवाल प्रसिद्ध करावा, आणि नियम मोडणाऱ्यास शिक्षा व ज्याचे नुकसान झाले त्यास भरपाई मिळावी.

यांत पोलिसांचे हात बांधण्यासारखे काय आहे? ज्याला चोर पकडावयाचा आहे त्याला ९९९ निरपराध्यांची दिनचर्या लागत नाही.

शेवटी, आपण काय करावयाचे ते सांगतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. प्रत्येक शाखेने आपल्या शहराच्या अथवा जिल्ह्याच्या पोलीस खात्यास साध्या अर्जाने विचारावे: असे कॅमेरे किती व कोठे आहेत? न जुळलेल्या नोंदी किती दिवस ठेवता? त्या कोण पाहू शकतो? कोणत्या लेखी नियमाने? कोणती कंपनी हा साठा सांभाळते? गैरवापर झाल्याबद्दल आजवर कोणावर कारवाई झाली काय? उत्तर आले तर ते शाखेच्या सभेत मोठ्याने वाचा. उत्तर आले नाही तर अपील करा. मिळालेली उत्तरे आपल्या आमदारापुढे ठेवा आणि कायदा कधी करणार ते त्याला विचारा. घरात कोणाला यंत्राच्या चुकीने चलन आले तर मुकाट्याने पैसे भरू नका. छायाचित्र मागा, पाटी वाचा आणि हरकत नोंदवा. मुलामुलींना हे अर्ज लिहावयास शिकवा. त्यांच्या पिढीला या यंत्रांबरोबर आपल्यापेक्षा अधिक वर्षे काढावयाची आहेत.

आपल्या वडीलधाऱ्यांना गावात कोणत्या वाटेने जावे आणि कोणत्या वाटेने जाऊ नये हे दुसऱ्यांनी सांगितले. त्या वाटा आपण झगडून मोकळ्या केल्या. मोकळ्या वाटेवरून चालणाऱ्या निरपराध माणसाचे प्रत्येक पाऊल कोणाच्या वहीत चढू नये, एवढेच आता मागावयाचे आहे. आणि ते हक्काने मागावयाचे आहे.

जय भीम!